साळुबाईचा अंगठा

१

सोमवारी सकाळी भगवंत सर काचेच्या कपाटासमोर वाकले, बराच वेळ तसेच वाकून राहिले आणि मग मला म्हणाले, "सुदर्शन, हे पुस्तक माझं नाही."

मी जवळ जाऊन पाहिलं. 'डोंगरामागचा कोल्हा' जिथं ठेवलं होतं तिथंच होतं. लाकडी स्टँडवर पहिलं पान उघडं, पानाच्या मधोमध निळ्या शाईचा अंगठा आणि त्याखाली छापलेलं नाव: साळुबाई.

"सर, तेच तर आहे."

"पुस्तक तेच. प्रत माझी नाही. माझ्या प्रतीतल्या अंगठ्यावर एक तिरकी पांढरी रेघ होती. इथं कुठाय?"

सर त्र्याहत्तर वर्षांचे. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण तसं त्यांना म्हणण्याची माझी काय बिशाद? चौथीत मी त्यांच्या वर्गात होतो. तेव्हा ते दर शनिवारी घरून एक पुस्तक आणायचे. लेखकाची सही असलेलं पान उघडायचे आणि बाकांमधून फिरवत प्रत्येकाला सहीवर बोट ठेवू द्यायचे. "या माणसानं या कागदाला हात लावलाय," असं म्हणायचे. तोवर मला वाटायचं, पुस्तकंही साबणासारखी कारखान्यात तयार होतात. कुणीतरी बसून ती लिहितं, हे मला त्या बोटातून कळलं. मी पुढं जुन्नरच्या वाचनालयात ग्रंथपाल झालो, त्याला तेच बोट कारण.

सरांनी चाळीस वर्षं लेखकांना पत्रं लिहून, टपालानं पुस्तकं पाठवून, परतीची तिकिटं लावून सह्या गोळा केल्या होत्या. दोनशे बारा पुस्तकं, सगळी मुलांची. त्यांतली निवडक आम्ही शुक्रवार ते रविवार प्रदर्शनात मांडली होती, आणि सोमवारी सर तो सगळा संग्रह वाचनालयाला देणार होते. त्यात सही नसलेलं पुस्तक एकच. साळुबाई आंबेगावच्या डोंगरातली, लिहिता-वाचता न येणारी बाई. तिच्या गोष्टी गेणभाऊ नावाच्या शिक्षकांनी उतरवून घेतल्या आणि छत्तीस वर्षांपूर्वी छापल्या. तीनशे प्रती. त्यांतल्या फक्त पन्नास प्रतींवर तिचा अंगठा. सरांना त्यांची प्रत खुद्द गेणभाऊंनी दिली होती.

मला आठवलं, शुक्रवारी मी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले होते. मोबाईल काढून फोटो मोठा केला. अंगठ्यावर खालून वर गेलेली तिरकी पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती.

म्हणजे प्रत बदलली होती. अंगठ्याच्या जागी अंगठा ठेवून.

"किल्ली कुणाकडे होती?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही."

सरांनी देणगीचं पत्र पिशवीतून अर्धं बाहेर काढलं होतं, ते परत आत सारलं. "गुरुवारपर्यंत थांबतो. मग पोलिसांत जाईन, आणि पुस्तकं घरी नेईन."

हे ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत. खिडकीकडे बघून बोलले.

२

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: मुद्रक, महंमद हनीफ, जुन्नर. मी ती प्रत घेऊन सरळ हनीफचाचांकडे गेलो.

चाचांचा छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. आता बाजारपेठेतल्या त्याच गाळ्यात ते एकटे बसून बांधणी करतात. शाळेची हजेरीबुकं, कुणाच्या घरची पोथी, कुणाचं कुराण, सगळं एकाच टेबलावर, एकाच सुईनं. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात थरथरत नाही.

त्यांनी पुस्तक घेतलं. आधी पाठ दाबून पाहिली, मग वास घेतला, मग मधलं पान उघडून पिना पाहिल्या. "ह्या पिना बघ. गंज तांबडा असतो. ह्यो काळा हाय, निळसर काळा. कागदात उतरलाय." एवढं म्हणून ते पहिल्या पानावर आले, आणि अंगठा दिसल्यावर थांबले. किती वेळ थांबले सांगता येणार नाही. बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं वाजणं सुरू होऊन संपलं तरी ते पान धरून होते.

"काय झालं चाचा?"

"काय न्हाई. कपाट कुणाकुणासाठी उघडलंस, ते सांग."

"दोघांसाठी. शनिवारी मंचरचा अमृत आला होता, जुन्या पुस्तकांचा व्यापारी. साळुबाईच्या शेजारी सरांचं सगळ्यात दुर्मिळ पुस्तक होतं, लेखकानं सहीबरोबर मांजर काढलेलं. अमृत दोन वर्षं त्याच्या मागं आहे. ते हातात घेऊन पाहिलं, दिलं परत. आणि रविवारी एक बाई. तिला साळुबाईच्या पानाचा फोटो हवा होता."

"तू समोरच व्हतास?"

हे सरांना सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. "लाईट गेली, चाचा. इन्व्हर्टर मागच्या खोलीत आहे. दोन मिनिटं गेलो असेन. कपाट उघडंच होतं."

"अमृतच्या वेळी का बाईच्या?"

"दोन्ही वेळा गेली."

चाचा हसले. "जुन्नरची लाईट! बरं, ती बाई काय बोलली?"

"विशेष काही नाही. बाकीचे लोक विचारत होते, किती जुनं, किंमत काय येईल. तिनं एवढंच विचारलं, हा अंगठा आजींनी स्वतः दिलाय का? मी म्हटलं, मग काय."

चाचांनी पुस्तक कागदात गुंडाळलं. "उद्या सकाळी गाडी काढ. पयलं मंचर."

३

अमृतचं दुकान म्हणजे घराचा पुढचा व्हरांडा. पुस्तकांच्या थप्प्यांतून तो बाहेर आला आणि आमचं ऐकून घेण्याआधीच त्यानं हात झटकले.

"राव, डोकं चालवा जरा. मला चोरी करायची असती तर शेजारचं मांजर सोडून कोल्हा कशाला उचलला असता? आन् उचलला असता तर त्या जागी दुसरं पुस्तक ठेवून आलो असतो व्हय? मी धंदा करतो."

"तुझ्याकडं ह्याची प्रत हाय का?" चाचांनी विचारलं.

अमृत घुटमळला. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रत घेऊन आला. "हाय. गेल्या साली रद्दीत गावली. पण ही माझी हाय."

चाचांनी दोन्ही प्रती उन्हात शेजारीशेजारी उघडल्या आणि खिशातून भिंग काढलं. मीही वाकलो. दोन्ही अंगठे अरुंद, लहान. मध्ये गोल फिरलेल्या रेषा, डाव्या कडेला एक बारीक ठिपका. पांढरी रेघ यातही नव्हती आणि त्यातही नव्हती. अंगठा एकाच माणसाचा होता.

अमृतला ते आमच्याआधी उमगलं. "म्हंजे दोन पुस्तकांवर ह्यो अंगठा, आन् सरांच्या एकट्याच्याच पुस्तकावर दुसरा? मग सरांचंच डुप्लिकेट की!"

ज्या पुस्तकासाठी सर पोलिसांत जायला निघाले होते, तेच खोटं? तिथूनच त्यांना फोन केला. केला नसता तर बरं झालं असतं. मग सर हळू म्हणाले, "गेणभाऊंनी माझ्या हातात दिलं होतं रे. शाळेच्या बक्षीस समारंभात, एक मुलगा आला नव्हता म्हणून. तो माणूस मला खोटं देईल?"

चाचा गाडीजवळ उभे होते. त्यांचा चेहरा अमृतपेक्षा नि माझ्यापेक्षा वेगळा होता. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"डिंगोऱ्याला गेणभाऊंची बायको असती," ते म्हणाले. "लंकाबाई. तिला एकच गोष्ट इचारायची हाय."

४

लंकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. साळुबाईचं नाव काढताच त्यांनी सूप बाजूला सारलं.

"लई गोड बाई! आमचे हे वही घेऊन तिच्या दारात बसायचे, तर ती तोंडच उघडंना. म्हनायची, मोठ्या मान्साला गोष्ट सांगायची मला लाज वाटती. मग हे शाळंतली चार पोरं घेऊन जायचे. पोरं म्होरं बसली की कोल्हा सुरू. ह्यांनी पोरांच्या मागं लपून लिव्हलंय समदं पुस्तक."

"वयनी, तिच्या हाताला काय खूण व्हती का?" चाचांनी विचारलं.

"व्हती की! भात कापताना विळा लागला व्हता. अंगठ्यावर असा तिरका वण." त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर नखानं रेघ ओढून दाखवली. "बोलताना सारखी चोळायची त्यो."

मी चाचांकडे पाहिलं. म्हणजे सरांचा अंगठा खरा! आणि बाकीचे दोन्ही खोटे. मग हा गोल रेषांचा, ठिपक्याचा अंगठा कुणाचा?

डिंगोरे मागं पडल्यावर चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बाजूला घे."

द्राक्षांच्या बागेच्या कडेला आम्ही उतरलो. चाचा बांधावर बसले आणि पाण्याच्या पाटाकडे बघत बोलू लागले.

"रविवारचा बाजार व्हता. साळुबाई हिरडा इकायला जुन्नरला आलेली. गेणभाऊनं तिला छापखान्यात आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत बक्षिसं वाटायची व्हती. पन्नास पोरांना त्यानं शबूद दिलेला, तुमाला साळुबाईची खूण मिळंल म्हणून. पर शाई वाळायला येळ लागायचा, आन् म्हातारीची एस्टी चारला. बारा पुस्तकं झाली, आन् ती गेली. गेणभाऊ डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, कुठल्या बारा पोरांना देऊ आन् कुठल्या अडतीस पोरांना रडवू?"

चाचांनी बांधावरचा एक खडा उचलून पाटात टाकला.

"आमची चांदबी तिथंच छापलेले फर्मे दुमडत बसलेली. तिनं हात पदराला पुसला आन् म्हणाली, आणा इकडं. अडतीस पुस्तकांवर अंगठा दिला तिनं. हसत व्हती. सातवी शिकलेली बाई, बँकेत कुणी शाईचा डबा म्होरं केला तर भांडायची, मला सही येती म्हणून. जन्मात तेवढ्याच दिशी अंगठा दिला. त्योबी दुसरीच्या नावावर."

चांदबी चाची जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"काल पान उघडल्यावर तुम्ही ओळखलंत."

"ओळखला. पर सरांच्या प्रतीवरचा साळुबाईचाच व्हता, ह्ये पक्कं झाल्याबिगर बोलणार कसं? आन् खरं सांगू, छत्तीस वर्सं लपवलेलं तोंडातून लवकर येत न्हाई."

ते उठले, कपडे झटकले. "आता चोराचं. ह्या पिना काळ्या का पडल्या? हिरडा आन् लोखंड एकत्र आलं की शाई व्हती, जुन्या काळी तशीच करायचे. म्हंजे ही प्रत कितीतरी वर्सं हिरड्याच्या पोत्याशेजारी ऱ्हायली. हिरडा डोंगरातल्या घरात. आन् बाईचा प्रश्न आठव. हा अंगठा आजींनी स्वतः दिलाय का? दुसऱ्या कुणाला ही शंका यील का? ज्याच्या घरात येगळा अंगठा हाय, त्यालाच यील. तिला पैशाचं काय न्हाई पडलं. तिला खरा अंगठा पायजे व्हता, आन् सरांचा तोटा हू नये म्हणून स्वतःचा ठिवून गेली. एवढी माया कुणाला असंल?"

मी भेट देणाऱ्यांच्या वहीचा फोटो मोबाईलवर उघडला. रविवार, दुपारी: हर्षाली, आधार केंद्र, घोडेगाव.

५

बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा आधार केंद्राबाहेर चार-पाच माणसं होती. आत निळा कुर्ता घातलेली हर्षाली एका म्हाताऱ्याचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसून यंत्रावर ठेवत होती. तिनं मला पाहिलं, माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. तिचा हात थांबला नाही.

"बसा. एवढ्या लोकांचं करून घेते. लांबून आलेत."

अर्ध्या तासानं तिनं दार ओढून घेतलं, टेबलाच्या खणातून सरांची प्रत काढली आणि समोर ठेवली. स्वच्छ वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"चोरायला नव्हते आले," ती म्हणाली. "खरंच. नुसतं शेजारी धरून बघायचं होतं. साळुबाई माझी आजी. मी चार वर्षांची असताना गेली. फोटो नाही. गाव डिंभ्याच्या धरणात गेलं, घर पण त्यातच. शाळेच्या बक्षिसात घरी आलेलं हे एक पुस्तक आमच्याकडं राहिलं. दहावीपर्यंत मी परीक्षेला निघायच्या आधी पान उघडून तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवायचे. मग इथं कामाला लागले. दिवसाला शंभर अंगठे बघते. विळ्याचा वण असला की यंत्र कुरकुर करतं. एकदा घरी सहज बोलले, तर आई म्हणाली, तुझ्या आजीलापण होता तसला वण. मी पुस्तक उघडलं. वण नव्हताच."

तिनं ओठ दाबले.

"तुमच्या ग्रुपवरचा फोटो कुणीतरी मला पाठवला. त्यात वण होता. मी आले. लाईट गेली, तुम्ही आत गेलात, आणि दोन्ही पुस्तकं माझ्या हातात होती. मला एवढंच वाटलं, की इतकी वर्षं मी कुणातरी परक्या बाईच्या अंगठ्यावर अंगठा ठेवत आले."

हनीफचाचा म्हणाले, "परकी न्हाई ग पोरी. माझी बायको व्हती."

हर्षालीला काही कळेना. चाचांनी तिला छापखान्यातली ती दुपार पहिल्यापासून सांगितली. चारची एस्टी, अडतीस पोरं, पदराला पुसलेला हात. ऐकता ऐकता तिनं हळूच चांदबीची प्रत स्वतःकडे ओढली आणि त्या अंगठ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"आणि मला वाटलं, कुणीतरी फसवलं."

"फसवलंच," चाचा म्हणाले. "त्ये सांगायला आता सरांकडं जायचं हाय. तूबी चल."

६

संध्याकाळी वाचनालयात सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी कपाट उघडं टाकून गेलो होतो, हेही मी सांगितलं. सर आधी चाचांवर तापले.

"पन्नास मुलं होती, हनीफभाई! त्यांना मी स्वतः सांगितलं होतं, ही खरी खूण आहे म्हणून."

"व्हय सर. चुकलंच."

मग ते हर्षालीकडे वळले. "तू सरळ येऊन मागितलं का नाहीस?"

"तुम्ही दिलं असतं?"

सर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मुलांशी खोटं बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय. "नसतं दिलं," ते म्हणाले.

सरांनी आपली प्रत घेतली, ती तिरकी रेघ खिडकीजवळ नेऊन पाहिली. दोनशे बारा पुस्तकं जमवणारा माणूस एक पुस्तक कसा सोडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं आणि हर्षालीच्या हातात दिलं.

"बाकीच्या लेखकांचे फोटो आहेत, पत्रं आहेत, त्यांची नातवंडं ते सगळं जपतात," ते म्हणाले. "तुझ्याकडे काही नाही. ठेव."

हर्षाली पुस्तक छातीशी धरून उभी राहिली.

मग सर माझ्याकडे वळले. या वेळी माझ्याकडे बघून बोलले. "सुदर्शन, सोमवारी मी तुझ्यावर संशय घेतला. विद्यार्थ्यावर असा संशय घ्यायचा नसतो. ते देणगीचं पत्र घे. आणि यादीचं रजिस्टर आण. कपाटात आता हिची प्रत राहील, तेव्हा नोंद दुरुस्त करावी लागेल."

सरांच्या संग्रहाचं ते जाड रजिस्टर मी आणलं. त्यांनी एकशे सत्तेचाळीस नंबरची ओळ काढली. लेखकाच्या रकान्यात साळुबाईचं नाव तसंच ठेवलं. सहीच्या रकान्यात आधी लिहिलेलं एका रेघेनं खोडलं आणि पेन उचलून चाचांना विचारलं, "वहिनींचं पूर्ण नाव काय लिहू?"

चाचांना प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. "तिचं नाव? पुस्तकात?"

"पुस्तक आता वाचनालयाचं आहे. अंगठा कुणाचा ते लिहायला हवं. खरं ते."

सरांनी लिहिलं आणि रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराची प्रुफं तपासलेले चाचा चष्मा वर सारून त्या ओळीवर वाकले. एक एक अक्षर बोटाखालून जाऊ दिलं.

"सर, चांदबीवर चंद्रबिंदू नको," ते म्हणाले. "नुसता अनुस्वार द्या. ती तशीच सही करायची."

सरांनी ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं. चाचांनी परत एकदा वाचलं, मान हलवली, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटू दिलं नाही.